नातिचरामि आणि तांदळाचा डबा

लग्नाच्या दिवशी नवरदेवाला बाकी सगळं कळत असतं. पंगतीत जिलबी कमी पडली, आत्याबाईंचा मान राहिला, बँडवाल्यानं ठरल्यापेक्षा दोन माणसं कमी आणली, हे त्याला बसल्या पाटावरून कळतं. कळत नाही ते एवढंच, की आपण आत्ता तोंडानं काय बोललो. मुंडावळ्या नाकात शिरत असतात, फोटोवाला 'जरा इकडं बघा' म्हणत असतो, मुलीचे वडील गुरुजींच्या मागून काहीतरी संस्कृत म्हणत असतात, आणि मग गुरुजी नवरदेवाला कोपरानं ढोसून सांगतात, "म्हणा, नातिचरामि." तो म्हणतो. "मोठ्यानं." तो मोठ्यानं म्हणतो. असं तीनदा होतं, आणि मंडळी अक्षता शोधायला लागतात.

आता ह्या शब्दाचा अर्थ काय? मुलीचे वडील म्हणतात, बाबा रे, धर्माच्या, अर्थाच्या आणि कामाच्या बाबतीत हिला ओलांडून जाऊ नकोस. आणि हा म्हणतो, नाही जाणार. चौथा पुरुषार्थ मोक्ष. तो ह्या यादीत नाही. मोक्ष ज्यानं त्यानं आपापला बघावा, त्यासाठी बायकोला विचारायची गरज नाही, असं शास्त्रकारांचं मत दिसतं. संन्यास घेतलेल्या नवऱ्यांच्या बायकांचं मत कुणी घेतलेलं नाही.

पण मला गंमत वाटते ती क्रमाची. धर्म, अर्थ, काम. म्हणजे पैशाची फसवणूक करणार नाही हे वचन आधी, आणि दुसऱ्या बाईच्या वाटेला जाणार नाही हे नंतर. एका दमात, एका क्रियापदात. आपण मात्र त्या वचनाचे दोन तुकडे केले. एकाला 'प्रकरण' म्हणतो आणि दुसऱ्याला 'व्यवहार'. नवऱ्याचं बाहेर काही आहे असं कळलं की सगळी आळी जमते, मामा-मावश्या जमतात, मुलीचा भाऊ बाह्या सारतो. नवऱ्यानं बायकोला न सांगता घर गहाण टाकलं असं कळलं, तर तेच मामा म्हणतात, "अहो, पुरुषाला काय काय करावं लागतं! बायकांना सांगून का धंदे होतात?" हे दोन वेगळे गुन्हे आहेत, की एकच? निवृत्त झाल्यापासून मला असल्या प्रश्नांना वेळ मिळतो. पूर्वी ऑफिसात असतानाही मिळायचा, पण तेव्हा फायली आड यायच्या.

ह्या प्रश्नाची पहिली सुनावणी आमच्या आळीत ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री सुरू झाली. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरदर्शनवर सांगितलं, की आज मध्यरात्रीपासून पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बंद. त्यानं काळा पैसा किती बाहेर पडला ह्यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडताहेत. रिझर्व्ह बँकेनं २०१८ साली सांगितलं, की बंद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. काळ्याचं मला ठाऊक नाही, पण पांढऱ्या तांदळातला पैसा मात्र त्या आठवड्यात पूर्ण शंभर टक्के बाहेर पडला. तांदळातला, डाळीतला, देवाच्या चौरंगाखालचा, जुन्या शालूच्या घडीतला, आणि एका घरी तर शिवणयंत्राच्या पोटातला. सरकारनं जाहीर केलं, की गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर विचारणार नाही. सरकारचं काय जातं? विचारणार नवरा होता.

आमच्या शेजारी नाना आणि माई राहतात. नाना एसटीत ड्रायव्हर होते. (एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली ती पुण्याहून नगरला, हे नाना असं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं ती त्यांनीच चालवली. त्या वर्षी ते जन्मले होते की नाही ह्याबद्दल दुमत आहे.) दहाव्या तारखेला सकाळी माई मागच्या दारानं आमच्याकडे आल्या आणि आमच्या हिला हळूच म्हणाल्या, "वहिनी, भाऊजींना विचारा ना, आमच्या ह्यांना न कळता बँकेत पैसे भरता येतील का?"

"किती आहेत?" मी आतूनच विचारलं. घर लहान असलं की हळू बोलण्याला अर्थ नसतो.

"चौसष्ट हजार पाचशे."

मी चहाचा पेला खाली ठेवला. पन्नास हजारांवर रोख भरायची तर तेव्हा पॅन कार्ड लागायचं. माईंचं कार्ड नव्हतं. खातं होतं ते नानांच्या नावाचं, माईंची फक्त दुसरी सही. शिवाय बँकेपुढे जी रांग लागली होती तिच्यात आमची निम्मी आळी उभी होती, आणि त्यात पहिल्या दहात स्वतः नाना होते. तेव्हा सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माईंनी दुपारी जेवण झाल्यावर, नाना सुपारी कातरत असताना, डबा त्यांच्यापुढे आणून ठेवला. नोटांना तांदळाला लावलेल्या बोरिक पावडरीचा वास येत होता.

नाना पहिल्या दिवशी खूष होते. "घरात लक्ष्मी निघाली!" असं त्यांनी अख्ख्या रांगेला सांगितलं. दुसऱ्या दिवशी थोडे गप्प. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "तुम्हाला आठवतं, नव्व्याण्णव साली मी थोरल्याच्या डिप्लोमाच्या फीसाठी शेकडा तीननं पैसे काढले होते? महिना शेकडा तीन! सहा महिने रात्रीच्या जादा ड्यूट्या केल्या. हिच्या डोळ्यांसमोर केल्या. आणि हा डबा तेव्हा घरात होता!"

मी म्हटलं, "विचारलंत का माईंना?"

"विचारलं. तर ती म्हणते, मग ते कर्ज फिटलं कसं? शेवटचे आठ हजार कुणी दिले?"

"कुणी दिले?"

"माझ्या मेहुण्यानं," नाना म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, इतके दिवस माझ्या समजुतीनं."

झालं होतं असं, की माईंनी डब्यातले आठ हजार काढून नानांच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, दादानं पाठवलेत. नानांनी हे उपकार सतरा वर्षं डोक्यावर घेतले. दर दिवाळीला मेहुण्याला पोशाख. पंगतीत पहिलं ताट मेहुण्याचं. एसटीत बसला तर ड्रायव्हरच्या मागची शीट मेहुण्याची. त्याच्या मुलीच्या लग्नात नानांनी आठ दिवस राबून स्वतः वऱ्हाडाची गाडी चालवली. "आणि तो गृहस्थ," नाना म्हणाले, "सतरा वर्षं मला म्हणत होता, असू द्या हो दाजी, एवढं काय त्यात!"

ह्यात मेहुण्याचा काय गुन्हा, हा वेगळा प्रश्न आहे. बहिणीनं शपथ घातली होती. पोशाखाला नको म्हणायची शपथ घातली नव्हती.

मी माईंना विचारलं, नानांपासून लपवायचं कारण काय? त्यांनी उत्तर दिलं ते मला अजून तोंडपाठ आहे. "ह्यांच्यापासून नाही हो लपवलं. ह्यांच्या हातापासून लपवलं. मी मागितलं असतं तर हे नाही म्हणाले नसते, खरं आहे. पण ह्यांच्या भावानं मागितलं असतं, तरी नाही म्हणाले नसते." ह्यावर नानांनी मान खाली घातली, कारण भावानं मागितलं होतं, आणि एकदा नव्हे.

सगळं खरं. डबा घरासाठी होता, घराच्या कामी आला, शेवटी घरातच निघाला. पण नाना उठता उठता जे बोलले त्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. ते म्हणाले, "माझे पैसे गेले नाहीत हो, उलट आले. मग मला लुटल्यासारखं का वाटतंय?"

ह्यावर आमच्या हिचं मत लगेच तयार होतं. ती म्हणाली, "ज्या घरात कोथिंबिरीच्या जुडीचा हिशेब मागतात, तिथं डबा तांदळातच जायचा." आणि हे कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही. पण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. वेगळे पैसे असणं आणि चोरून पैसे असणं ह्यांत फरक आहे, आणि तो फरक आपल्या मध्यमवर्गीय घरांनी फार सोयीस्कर पुसून टाकला. ह्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक अहिल्याबाई. आमच्या शहरानं आणि जिल्ह्यानं २०२४ साली तिचंच नाव लावलं. ती होळकरांकडे सून म्हणून गेली, तिथं हिशेब दोन होते. एक दौलतीचा, दुसरा खासगीचा. पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची वेगळी जहागीर लावून दिली, आणि पुढं ती अहिल्याबाईंकडे आली. देशभर तिनं जे घाट, देवळं, धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभारली, त्यांचा खर्च ह्या खासगीतून व्हायचा. म्हणजे डबा होता, आणि चांगला मोठा होता! पण तो उघड्या फळीवर होता. आत काय आहे ते घरच्या पुरुषांना ठाऊक होतं, आणि त्यात आपण हात घालायचा नाही हेही ठाऊक होतं.

इंग्रजांनीही १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. नवऱ्यानं त्या कायद्याखाली बायकोच्या नावानं विमा उतरवला, तर नवऱ्याच्या सावकाराला त्या पैशाला हात लावता येत नाही. हा कायदा आजही चालू आहे. विमा एजंट सोडले तर तो फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि एजंट तो तेव्हाच सांगतात, जेव्हा आपण झोप आल्याचं दाखवतो. सांगायचा मुद्दा असा, की बायकोला खासगी देणारे होळकर निघाले, कायदा करणारे साहेब निघाले, पण आपण मात्र पहिल्या तारखेला पगाराचं पाकीट आणून त्यातले मोजून पैसे 'घरखर्चाला' देणार आणि वीस तारखेला 'संपले कसे?' विचारणार. माईंचा डबा तांदळात शिरला त्यात निम्मा हात नानांचा आणि त्यांच्या भावाचा होता. तरीसुद्धा नानांना वाटलं ते खोटं नव्हतं. सतरा वर्षं ज्या गोष्टीवर ते जगले, ती गोष्टच निराळी निघाली.

दुसरी हकीकत मात्र हसण्याजोगी नाही. आमच्या लांबच्या नात्यातल्या एक बाई आहेत. गाव सांगत नाही. गावाला साखर कारखाना आहे, एवढंच सांगतो. प्रवरेला १९५० साली पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात तेवढ्यावरून गाव ओळखता येत नाही. बाईंचे यजमान चांगल्या नोकरीत. बोलायला मऊ, देवधर्म करणारे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. बाईंच्या अंगावर माहेरच्या चार तोळ्यांच्या पाटल्या. त्या एरवी लोखंडी कपाटात असायच्या. दिवाळी आणि घरचं कार्य, एवढ्याच वेळी बाहेर निघायच्या.

मुलीचं लग्न ठरलं. पाटल्या मोडून मुलीला नवीन घडणावळीचं काही करावं म्हणून बाई सराफाकडे गेल्या. सराफ जुना, माहेरच्या ओळखीचा. त्यानं पाटली कसोटीवर घासली. मग दुसरी घासली. मग बाईंकडे पाहिलं आणि पोऱ्याला म्हणाला, "ताईंना आधी पाणी दे."

पाटल्या पितळेच्या होत्या, वर सोन्याचं पाणी. खऱ्या पाटल्या सहा वर्षांपूर्वीच मोडल्या गेल्या होत्या, आणि यजमानांनी त्याच मापाच्या, त्याच नक्षीच्या ह्या दुसऱ्या करून कपाटात ठेवल्या होत्या. धागा ओढायला लागल्यावर बाकीचंही सुटत गेलं. सोसायटीचं कर्ज. फंडातली उचल. आणि दुसऱ्या तालुक्याच्या गावी एक घर, त्या घराचं वीजबिल, त्या घराचं दूध, आणि त्या घरात एक बाई. लोक म्हणतात प्रेम आंधळं असतं. असेल. पण त्याला भाडं भरावं लागतं, गॅस घ्यावा लागतो, आणि सणाला साडी घ्यावी लागते. ज्याला कामात अतिचार करायचा, त्याला आधी अर्थात करावा लागतो. दोन संसार एका पगारात बसत नाहीत, हे गणित कुठल्याही कारकुनाला येतं. म्हणूनच असली प्रकरणं उघडकीला येतात ती पुष्कळदा पत्रानं नव्हे, पावतीनं.

नातेवाईक जमले. सगळ्यांना त्या दुसऱ्या बाईबद्दल ऐकायचं होतं. दिसायला कशी, वय काय, पहिल्यापासून होतं का. बाई ऐकून घेत होत्या. शेवटी आमच्या हिच्याशी एकट्या बोलल्या तेव्हा मी पलीकडे वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे वर्तमानपत्र समोर होतं. त्या म्हणाल्या, "ती बाई मला माहीत नव्हती, तिचं सोडा. ह्यांचं ऐका. सहा दिवाळ्या मी रिठ्याच्या पाण्यात पितळ घासत होते. हे समोर खुर्चीत बसून चहा पीत बघत होते. एका वर्षी तर म्हणाले, जरा जपून घास, झिजतील."

वर्तमानपत्राचं पान मी बराच वेळ उलटलं नाही.

ह्या बाईंचं आणि नानांचं दुःख एका तराजूत घालणं अन्यायाचं होईल. माईंच्या डब्यातून नानांवर कर्ज आलं नाही, उलट गेलं. इथं बाईंचा सगळा ठेवा गेला, आणि त्या पैशानं त्यांच्याच विरुद्ध एक घर उभं राहिलं. पण दोघांच्याही बोलण्यात मला एक समान धागा दिसला. नानांना मेहुण्याचे पोशाख आठवत होते, बाईंना रिठ्याचं पाणी. पैसा गेला तर पुढचे दिवस कठीण जातात. फसवणूक कळली की मागचे दिवस जातात. आपण सुखात होतो असं जे वाटत होतं, त्या दिवाळ्या, ते फराळ, ते फोटो, सगळ्यांवर कुणीतरी मागं जाऊन शाई सांडल्यासारखं होतं.

कायद्याला ही चोरी मोजता येत नाही. भारतीय दंड संहितेत ४९७ कलम होतं, व्यभिचाराचं. ते वाचलं तर अचंबा वाटतो. त्यात नवऱ्यानं आपल्या बायकोला फसवणं हा गुन्हा नव्हताच. गुन्हा होता तो दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवण्याचा. म्हणजे तो सगळा बांध कोरल्याचा खटला! शेत कुणाचं एवढाच प्रश्न. शेताला काही विचारायचं असतं ही कल्पनाच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ ला ते कलम रद्द केलं, आणि बरंच केलं. आता व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आहे, गुन्हा नाही. उलट, दिलेला चेक वटला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बँकेपुढे केलेल्या सहीला दोन वर्षं, आणि अग्नीपुढे तीनदा मोठ्यानं म्हटलेल्या शब्दाला तारखा! प्रत्येक न वटलेल्या नवऱ्याला तुरुंगात घालावं असं माझं म्हणणं नाही. जागा पुरणार नाही. पण हे प्रकरण कुठल्या सदरात घालावं हे कायद्याला उमगलेलं नाही, एवढं खरं.

ते उमगलं होतं आमच्याच जिल्ह्यातल्या एका सासऱ्याला. कोपरगावला गोदावरीच्या काठी बेट भागात शुक्राचार्यांचं देऊळ आहे. दैत्यांच्या ह्या गुरूंचा आश्रम तिथंच होता असं तिकडची माणसं मानतात, आणि त्या देवळात लग्न लावायला मुहूर्त लागत नाही, असंही सांगतात. मुहूर्त न पाहता केलेली लग्नं टिकतात का, असं मी एकदा तिथल्या एका गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "पाहून केलेली तरी कुठं टिकतात?"

तर ह्या शुक्राचार्यांची मुलगी देवयानी, आणि जावई ययाती. लग्नाच्या वेळी सासऱ्यानं जावयाला बजावून सांगितलं होतं, की हिच्याबरोबर दासी म्हणून शर्मिष्ठा येते आहे, तिला मानानं वागव, पण शेजेला बोलावू नकोस. ययाती हो म्हणाला. त्याच्याही मुंडावळ्या नाकात गेल्या असणार.

पुढं महाभारतात जे होतं ते मोठं नमुनेदार आहे. शर्मिष्ठा ययातीला एकांतात गाठते आणि युक्तिवाद करते. ती म्हणते, पाच प्रसंगी बोललेलं खोटं पापात धरत नाहीत. थट्टेत, बायकांपाशी, लग्नाच्या वेळी, जिवावर बेतलं असता आणि सर्वस्व जात असता. ही यादी वाचून मी थक्क झालो. पाचांपैकी दोन कलमं संसाराचीच! राजा म्हणतो, छे छे, राजानं खोटं बोलून कसं चालेल? मग ती दुसरं कलम काढते, आणि ते शुद्ध मालमत्तेचं आहे. बायको, दास आणि मुलगा ह्यांच्या मालकीचं काही नसतं, ते ज्याचे त्याचंच त्यांचं धन. मी देवयानीची, देवयानी तुमची, म्हणजे मी तुमचीच. बघा, इथंही काम यायच्या आधी अर्थ आला. ज्या घरात बायकोचं म्हणून काही नाही असं एकदा ठरलं, त्या घरात बायकोला विचारण्याचा प्रश्न उरतच नाही. राजाला हे पटलं. असल्या वेळी पुरुषाला युक्तिवाद लवकर पटतो.

फसवणूक कळली ती मुलांमुळं. देवयानीनं बागेत तीन मुलं खेळताना पाहिली, कौतुकानं विचारलं, तुमचे बाबा कोण रे? पोरांनी बोट दाखवलं. देवयानी तडक माहेरी. आणि बापापाशी तिनं काय गाऱ्हाणं केलं? रडली, चिडली, पण त्यात हिशेबही सांगितला. तिला तीन मुलगे दिले, मला दोनच! ह्या 'दोनच'वर पूर्वी मला हसू यायचं. पाटल्यांची हकीकत ऐकल्यापासून येत नाही. फसलेलं माणूस मोजायला लागतं, कारण धरून बसायला त्याच्याजवळ आकड्यांखेरीज दुसरं काही राहिलेलं नसतं.

ययातीनं बचाव केला, की तिनं मागणं केलं, नाही म्हणणं अधर्म झाला असता. शुक्राचार्यांनी तो ऐकून घेतला आणि म्हटलं, मला विचारायला हवं होतंस. धर्माच्या नावानं खोटं वागणं ही चोरीच. लक्षात घ्या, व्यभिचार म्हणाले नाहीत, चोरी म्हणाले. काय चोरलं होतं ययातीनं? शर्मिष्ठा देवयानीची होती, ती तिच्याकडेच राहिली. राज्य तिचंच राहिलं. चोरीला गेलं ते विचारलं जाण्याचं तिचं माप. घरातल्या एकाला सगळं माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशी स्थिती झाली की दुसरा आपोआप त्या घरातला पाहुणा होतो. त्याला चहा मिळतो, मान मिळतो, पण तो घरचा उरत नाही. नाना सतरा वर्षं आपल्याच घरात मेहुण्याचे पाहुणे होते.

शाप मिळाला म्हातारपणाचा. आणि मग ह्या गृहस्थानं काय केलं? मुलाची जवानी उसनी घेतली! हजार वर्षांच्या मुदतीनं. चार मुलांनी नाही म्हटलं, धाकटा पुरू हो म्हणाला. बायकोला फसवणारा माणूस शेवटी पोराच्या खात्यातून उचल करतो, ही गोष्ट जिल्ह्यातल्या कुठल्याही पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला नवीन नाही. ययातीनं मुद्दल परत केलं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

ह्यावर हल्लीच्या मुलांकडे एक तोडगा आहे. आमचा पुतण्या म्हणतो, "काका, एकमेकांना सगळं दाखवायचं. खातं जॉइंट, मोबाइलचा पासवर्ड एक, बायकोचा अंगठा माझ्या फोनला चालतो." ऐकायला बरं वाटतं. पण दारं नसलेलं गावही आमच्याच जिल्ह्यात आहे. शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, चौकटी आहेत. चोरी करणाऱ्याला शनिमहाराज बघून घेतात, अशी श्रद्धा. तिथं २०११ साली बँकेची शाखा निघाली ती कुलपावाचून, म्हणजे काचेचं दार आणि डोळ्यांना सहसा न दिसणारं विजेचं कुलूप. २०१५ साली पोलीस ठाणंही आलं. आणि दारं नसलेल्या त्या घरांतून रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून फळी आडवी लावतात, पडदा सोडतात. म्हणजे शनिमहाराजांच्या गावातही थोडा आडोसा लागतोच. मग दोघांच्या संसारात का लागू नये? पुतण्याचा पासवर्ड एक आहे हे चांगलंच. पण गेल्या महिन्यात त्याची बायको तिच्या आईला पाठवलेल्या दोन हजारांचा खुलासा करताना मी ऐकली. खरेदीचा निरोप त्याच्या मोबाइलवर टिंग करून येतो, भाजीवाल्याला दिलेले तीस रुपयेसुद्धा. माई आज तरुण असत्या तर त्यांना डबा भरताच आला नसता. आणि पाटल्यांचे यजमान आज असते तर? त्यांनी दुसरा मोबाइल घेतला असता.

पाटल्यांच्या बाईंनी पुढं काय केलं, असं मला बरेच जण विचारतात. त्यांनी घर सोडलं नाही. यजमानांना सोडलं असंही नाही आणि ठेवलं असंही नाही. दोन वेळचं ताट वाढतात, बोलत नाहीत. पाटल्या मात्र टाकल्या नाहीत. दर दिवाळीला काढतात, रिठ्याच्या पाण्यात घासतात, यजमानांच्या खुर्चीसमोर बसून. कितीही घासल्या तरी आता झिजायची भीती नाही, असं म्हणतात.

नाना आणि माई पुन्हा बोलायला लागले ते पंधरा दिवसांनी. आता माईंचं स्वतःचं खातं आहे, पासबुक देव्हाऱ्यात असतं, आणि नाना त्यात बघत नाहीत असं नाना सांगतात. मेहुण्याचा पोशाख पुढच्या दिवाळीपासून बंद झाला. त्यानं कारण विचारलेलं नाही.

आमच्याकडे स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक पितळी डबा आहे. त्यावर चिठ्ठी आहे, 'राजगिरा'. परवा माळ्यावरचं काहीतरी काढायला मी स्टुलावर चढलो तेव्हा आमची ही हातातलं पीठ तसंच टाकून आली आणि म्हणाली, "तो डबा तसाच राहू दे हो, त्याच्या मागचं काढा." मी मागचं काढलं आणि उतरलो. आमच्या घरी राजगिरा कुणी खात नाही. उपवासालासुद्धा साबुदाणाच असतो.